छ ७ जिल्काद : कुरुंदवाडचे कागद, पेशवाईतील तारखा आणि संगणकाच्या चाचण्या

पत्राच्या अखेरीस एवढेच लिहिलेले असते : छ ७ जिल्काद, सुहूर सन इसन्ने सितैन मया व अलफ.

दिवस आहे, महिना आहे, वर्षही आहे. तरीही ही ओळ इसवी सनात उतरवू गेल्यास दोन उत्तरे येतात. एक १० जून १७६१ च्या सुमारचे, दुसरे ३० मे १७६२ च्या सुमारचे. गणिताच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष. पहिल्या दिवशी नानासाहेब पेशवे हयात होते. त्यांचा मृत्यू २३ जून १७६१ चा. दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन अकरा महिने उलटले होते आणि मसनदीवर माधवराव होते. पत्रात ‘श्रीमंतांची आज्ञा’ असेल, तर ती आज्ञा कोणाची? पानिपतानंतरच्या त्या वर्षात हा प्रश्न क्षुल्लक नाही.

वरची ओळ नमुन्यादाखल घेतली आहे. पण अशा घडणीच्या ओळी पेशवाईच्या दप्तरांत हजारोंनी आहेत. आजच्या धाग्याचा विषय त्या ओळी आणि त्यांना पडताळणारे लोक. हे लोक दोन प्रकारचे. एक, जुनी पत्रे छापणारे संपादक. दुसरे, संगणकाच्या शेलमध्ये चाचणी स्क्रिप्ट लिहिणारे. दोघांची अडचण एकच आहे : दुसऱ्याने लिहिलेला मजकूर वाचून निकाल द्यायचा, आणि त्या मजकुराचे स्वरूप बदलण्याचा अधिकार आपल्या हाती नाही.

प्रथम कागद.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड हे पटवर्धनांचे ठाणे. कोकणातील कोतवड्याहून आलेले हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या मुलांपैकी त्रिंबक हरी यांची शाखा कुरुंदवाडास नांदली. इतर शाखा मिरज, सांगली, जमखंडी, तासगाव अशा पसरल्या. पेशव्यांच्या दक्षिणेकडील मोहिमांचा भार या घराण्याने वाहिला. १७७७ मध्ये हैदराच्या फौजेशी सावंशी येथे झालेल्या लढाईत पडलेले कोन्हेरराव त्रिंबक हे याच कुरुंदवाडकर शाखेचे. माणसे छावणीत, बायकामुले संगमावर आणि दरबार पुण्यात; साहजिकच पत्रे अखंड धावत होती.

या घराण्याच्या कागदांचे मोल प्रथम ज्यांनी महाराष्ट्राला दाखविले ते वासुदेवशास्त्री खरे. मिरजेच्या हायस्कुलातील हे शिक्षक पटवर्धनी दप्तरे वाचीत बसले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने भागामागून भाग काढीत राहिले. १९२४ मध्ये त्यांचा अंत झाला तोवर बारा भाग झाले होते. मोडी वाचणे हा त्या कामाचा सोपा अर्धा होता. अवघड अर्धा म्हणजे कोणते पत्र कोणत्या वर्षाचे हे ठरविणे.

कारण सरळ आहे. घरगुती पत्रात पुष्कळदा वर्ष नसतेच. ‘छ ११ रजब’ एवढे लिहिले की घेणाऱ्याला कळे; हा रजब कोणता हे त्याला सांगावे लागत नसे. लिहिणाऱ्याने ते पत्र दीडशे वर्षांनंतरच्या शिक्षकासाठी लिहिलेले नव्हते.

आता ती तारीख उकलून पाहू. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस. महिना हिजरी, म्हणजे निव्वळ चांद्र. वर्ष मात्र सुहूर सनाचे, आणि सुहूर सन सौर आहे : सूर्य मृग नक्षत्रात गेला की वर्ष पालटते. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. आकडे अरबी शब्दांत आणि एकं-दहंच्या क्रमाने : इसन्ने म्हणजे दोन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११६२. त्यात ५९९ मिळविले की मृगापासून डिसेंबरअखेरचे इसवी वर्ष येते. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. म्हणून ११६२ म्हणजे १७६१-६२.

गोची येथेच आहे. बारा चांद्र महिन्यांचे दिवस ३५४ किंवा ३५५. सौर वर्ष त्याहून सुमारे अकरा दिवसांनी मोठे. चांद्र महिना सौर वर्षात बसविला की जे दिवस वर्षाच्या आरंभीच्या अकरा दिवसांत येतात, तेच त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा येतात. त्या काळी मृग जूनच्या आरंभी लागे. १७६१ चा जिल्काद नेमका मृगाच्या तोंडावर लागला आणि पुढच्या वर्षीचा जिल्काद मृगापूर्वी, मे महिन्यातच हजर झाला. एका सुहूर सनात ‘छ ७ जिल्काद’ दोनदा. मराठी महिन्याचा आधार घ्यावा, तर दोन्ही वेळा ज्येष्ठच, आणि दोन्ही वेळा शुद्ध पक्षच.

उरतो तो वार. १० जून १७६१ ला बुधवार येतो. ३० मे १७६२ ला रविवार. हिजरी महिना प्रत्यक्ष चंद्रदर्शनाने सुरू होतो, ढग आले की दिवस पुढे जातो, म्हणून एका दिवसाची सूट दोन्हीकडे दिलीच पाहिजे. सूट देऊनही पहिला पर्याय मंगळवार ते गुरुवार, दुसरा शनिवार ते सोमवार. दोन्ही टापू एकमेकांना शिवत नाहीत. पत्रात कोठेतरी वार सापडला, तर निकाल लागला. वार नसेल, तर पाठीवरची ‘पैवस्त’ नोंद पाहायची, म्हणजे पत्र पोचल्याचा दिवस. तीही नसेल, तर मजकूर : कोणता सरदार कोठे होता, नदीला पूर होता की नव्हता, कोणाच्या मृत्यूचा उल्लेख आहे.

एका दिवसाची ही सूट पुढे पुन्हा लागणार आहे.

वारही एका नावाने येत नाही. शुक्रवारचा भृगुवासर होतो, बुधवारचा सौम्यवासर, शनिवारचा मंदवार. त्यात मोडी लिपी. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर. ‘तिसा’ नऊ आणि ‘तिसैन’ नव्वद. ‘सलास’ तीन आणि ‘सलासीन’ तीस. कागद शेवटच्या अक्षरावर कुरतडला असेल तर सात की सत्तर हा वाद उभा राहतो. असे असूनही शब्द एकमेकांना सावरतात : एकं, दहं, शेकडा, हजार असा क्रम ठरलेला असल्याने ‘सबा’च्या पुढे दहंचा शब्द आला की तो सातच. जागेवरून अर्थ ठरतो. मात्र दहं पुसला गेला की हा आधारही जातो.

अंकांत लिहिलेले वर्ष सोपे वाटते. ते अधिक घातक आहे. एखाद्या कागदावर नुसते ‘सन ११७१’ असेल तर तो हिजरी असू शकेल (१७५७-५८), फसली असू शकेल (१७६१-६२) किंवा सुहूर असू शकेल (१७७०-७१). दक्षिणी फसली सुहूराच्या नऊ वर्षे पुढे चालतो. तीन उत्तरे तेरा वर्षांच्या पट्ट्यात पसरलेली, आणि त्या तेरा वर्षांच्या मधोमध पानिपत. शब्दांतले वर्ष निदान आपला सन कोणता हे बोलून दाखविते; अंक मुका असतो.

आता संगणकाकडे वळण्यापूर्वी शेल म्हणजे काय हे थोडक्यात. संगणकाला टंकलिखित आज्ञा देण्याचे माध्यम म्हणजे शेल. युनिक्सचे पहिले शेल केन थॉम्प्सन यांचे, १९७१ चे. आज ज्याची वंशावळ चालते ते बॉर्न शेल १९७९ मध्ये सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर बाहेर पडले. मधल्या काळात, १९७३ मध्ये, पाइपची कल्पना प्रत्यक्षात आली : एका साधनाचा मजकूर थेट दुसऱ्याच्या तोंडी. साधने एकमेकांशी बोलतात ती साध्या मजकुरात. हाच युनिक्सचा मोठेपणा आणि हेच त्याचे दुखणे, कारण तोच मजकूर माणूसही वाचतो आणि माणसाच्या सोयीसाठी तो वेळोवेळी बदलला जातो.

आज्ञांची यादी फायलीत लिहून ठेवली की ती शेल स्क्रिप्ट. चाचणी स्क्रिप्ट म्हणजे जी एखादे साधन चालविते, त्याने छापलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहते आणि ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ असा निकाल देते. ही ताडणी जर अक्षरशः असेल, तर साधनाच्या नव्या आवृत्तीत एक स्वल्पविराम हलला तरी चाचणी कोसळते. साधन बिघडलेले नसते. पत्र खरे असते. वाचणाऱ्याचा नियम खोटा ठरतो.

याची उदाहरणे इतिहासात जमा झाली आहेत. लिनक्सच्या गाभ्याची २.६ ही मालिका डिसेंबर २००३ पासून साडेसात वर्षे चालली. एवढ्या काळात असंख्य प्रोग्रॅमांनी आणि स्क्रिप्टांनी मनाशी धरले की आवृत्ती म्हणजे ‘२.६’ आणि पुढे एक आकडा. जुलै २०११ मध्ये ३.० आली. गाभ्यात तसे मोठे स्थित्यंतर नव्हते, आकडा तेवढा बदलला होता. पण जुने वाचक गोंधळले. तीन आकड्यांची सवय मोडू नये म्हणून गाभा स्वतःला ३.०.० म्हणवू लागला. त्यावरही भागले नाही, तेव्हा जुन्या प्रोग्रॅमांसाठी खोटे बोलण्याची सोय करण्यात आली : त्यांनी विचारले तर ३.० ने आपले नाव २.६.४० सांगायचे. संस्थानांच्या इतिहासात रमणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. राज्य बदलले तरी कारकुनाला परिचित असलेली कालगणना कागदावर राहू द्यायची, म्हणजे कचेरी थांबत नाही.

नेटवर्कची माहिती दाखविणारे आयएफकॉन्फिग हे साधन दुसरे उदाहरण. जुन्या लिनक्स आवृत्तीत पत्त्यापूर्वी ‘इनेट अ‍ॅड्र’ आणि अपूर्णविराम येई. नव्या आवृत्तीत नुसते ‘इनेट’ आणि मोकळी जागा. अपूर्णविरामावर ओळ तोडणाऱ्या सगळ्या स्क्रिप्टा एका दिवसात आंधळ्या झाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रेपच्या ३.८ आवृत्तीने इग्रेप आणि एफग्रेप या जुन्या नावांनी हाक मारणाऱ्यांना ‘हे नाव आता कालबाह्य’ अशी सूचना द्यायला सुरुवात केली. उत्तर पूर्वीइतकेच बरोबर होते. परंतु त्रुटींच्या प्रवाहात एकही अक्षर येता कामा नये अशी ज्या चाचण्यांची अट होती, त्यांना ती सभ्य सूचनाही अपयश वाटली.

मोठ्याने मोडणाऱ्या या चाचण्या एका परीने परवडल्या. खरा धोका गप्प बसणाऱ्यांचा. एखादी चाचणी असे पाहते की मजकुरात ‘एरर’ हा शब्द नाही. नसेल तर उत्तीर्ण. साधनाच्या नव्या आवृत्तीने तो शब्द बदलून ‘फेल्ड’ केला. त्या दिवसापासून ती चाचणी कधीच अनुत्तीर्ण होत नाही. सगळे हिरवे दिसते आणि कोणी पाहात नाही. पाइपच्या साखळीचा निकाल शेवटच्या साधनावर ठरत असल्याने, पहिले साधन मध्येच मरून पडले तरी शेवटचे रिकाम्या मजकुराच्या ओळी मोजून समाधानाने शून्य म्हणते. नुसता ‘शके’ हा शब्द शोधून ‘या गाठोड्यात तारखा असलेली पत्रे नाहीत’ असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक याच जातीचा. पत्रे सुहूर सनात लिहिलेली असतात.

मग टिकाऊ चाचणी कशी लिहितात? जुन्या संपादकांनी जे केले त्याहून फार वेगळे नाही, आणि पुष्कळदा त्याच क्रमाने.

आधी परिस्थिती निश्चित करायची. साधनाचा मजकूर भाषा, प्रदेश आणि कालविभाग यांवर अवलंबून असतो. म्हणून चाचणीच्या आरंभीच भाषा-प्रदेश ‘सी’ या मूळ ठेवणीवर आणि वेळ यूटीसीवर बांधून टाकतात. तसे केले नाही तर एका यंत्रावर अवतरणचिन्ह सरळ येते, दुसऱ्यावर वाकडे. महिन्याचे नाव एका ठिकाणी इंग्रजी, दुसऱ्या ठिकाणी जर्मन. इतिहासात ही अट न पाळल्याचे फळ काय असते याचे उत्तम उदाहरण शिवराज्याभिषेक. इंग्रजी तारीख ६ जून १६७४, वार शनिवार. जेधे शकावली मात्र वार शुक्रवार आणि तिथी द्वादशी देते. विसंगती? मुळीच नाही. शकावलीच्या नोंदीप्रमाणे राजे सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री पालटला होता. पंचांगाचा दिवस सूर्योदयाची वाट पाहात होता. दिवस कधी सुरू होतो हे ठरविल्याशिवाय दोन वारांची तुलना करणारी चाचणी येथे खऱ्या साक्षीदाराला खोटे ठरवील.

त्यातच ती ६ जून जुन्या, ज्युलियन पद्धतीची. पोर्तुगालने १५८२ मध्येच ग्रेगोरियन पद्धत घेतली होती. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये घेतली आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. म्हणजे सतराव्या शतकात मुंबईचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच घटनेबद्दल लिहीत, तेव्हा त्यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर असे. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या कागदावर आजच्या हिशेबाने मागचे वर्ष दिसते. साधन तेच, नाव तेच, आणि १७५२ नंतर मजकुराचा अर्थ दुसरा. यालाच संगणकवाले आवृत्तीचा बदल म्हणतात. फरक इतकाच की ब्रिटिश पार्लमेंटने तो निदान कायदा करून जाहीर केला होता.

परिस्थिती बांधली की मजकूर एका साच्यात आणायचा. अनेक मोकळ्या जागांची एक करायची, ज्या ओळींचा क्रम हमखास नाही त्या वर्णक्रमाने लावायच्या, दर वेळी बदलणारे काळ, तात्पुरत्या फायलींची नावे, लांबलचक खूणसंख्या यांच्या जागी ठरीव शब्द घालायचे आणि मगच ताडायचे. भृगुवासर, शुक्रवार आणि ‘शुक्र’ ही तिन्ही रूपे एकाच खणात टाकणारा संपादक हेच करतो. गिट या प्रणालीची स्वतःची चाचणीमाला शेल स्क्रिप्टांचीच आहे. तिच्यात ठिकठिकाणी चाळीस अक्षरांच्या खूणसंख्या गृहीत धरलेल्या होत्या. अधिक लांब खूणसंख्या देणारी नवी पद्धत आणायचे ठरले, तेव्हा २०१८ च्या सुमारास एकेका चाचणीतून ते चाळीस काढून टाकण्याचे कष्टाचे काम सुरू झाले. नवे वैशिष्ट्य लिहिण्याआधी जुन्या चाचण्यांच्या मनातले गृहीतक उपसावे लागले.

त्याच गिटमध्ये एक शहाणी सोय आहे. माणसाने वाचायची स्थिती निराळी आणि स्क्रिप्टने वाचायची निराळी. दुसरीला ‘पोर्सिलेन’ म्हणतात, आणि तिचे स्वरूप आवृत्ती बदलली तरी, वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी बदलल्या तरी, तेच राहील असा करार लिहून दिलेला आहे. जेथे असा करार उपलब्ध आहे तेथे माणसासाठीचा मजकूर फोडीत बसणे हा हट्ट आहे. दप्तरातही हा भेद होताच. खासगी पत्राच्या गोड मायन्यावरून वर्ष ठरविण्यापेक्षा त्याच दिवसाचा हिशेबी कागद शोधणे अधिक सुरक्षित, कारण त्याच्या मांडणीत कारकुनाला स्वातंत्र्य नव्हते.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक आहे, आणि चाचणी ‘मजबूत’ करू पाहणारे नवशिके येथेच फसतात. मजबूत म्हणजे ढिली नव्हे. ‘छ ७ जिल्काद’च्या उदाहरणात एका दिवसाची सूट दिली तर बुधवार आणि रविवार वेगळे राहतात. उदारपणे दोन दिवसांची सूट दिली की पहिला पर्याय सोमवार ते शुक्रवार होतो, दुसरा शुक्रवार ते मंगळवार. सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार दोन्हींत पडतात. तीन दिवसांची दिली तर प्रत्येक वार प्रत्येक पर्यायाला चालतो, चाचणी कायम उत्तीर्ण होते आणि काहीच सांगत नाही. सूट किती, हे सोयीवरून ठरवायचे नसते; ते चंद्रदर्शनाच्या अनिश्चिततेवरून ठरते, आणि ती एका दिवसाची आहे. स्क्रिप्टमध्येही ‘कोणताही मजकूर चालेल’ असा नमुना लिहून लाल दिवा घालविणे सोपे असते. त्या दिवशी चाचणी मेलेली असते, फक्त कोणाला कळविलेले नसते. मोडणारी चाचणी लिहिलेली बरी, असेच या बाबतीत म्हणावे लागेल.

म्हणून चाचणीचीही चाचणी घेतात. जे उत्तर पक्के ठाऊक आहे ते तिला देऊन पाहायचे, आणि जे चूक आहे हे ठाऊक आहे तेही. मराठ्यांच्या कालगणनेत यासाठी पानिपतासारखा दिवस नाही : शके १६८२, विक्रम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१. सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. जानेवारी असल्याने ६०० मिळवायचे, १७६१. चंद्र जमादिलाखरचा सहावा किंवा सातवा. शुद्ध अष्टमीशी तो जुळतो, कारण चंद्रदर्शन प्रतिपदेनंतर होते आणि चंद्राचा आकडा तिथीच्या एक-दोन मागे चालतो. तारखा बदलणारी स्क्रिप्ट हा दिवस बरोबर सांगत नसेल तर ती पुढे चालवू नये. आणि ‘पौष शुद्ध अष्टमी, रविवार’ असे मुद्दाम चुकीचे दिल्यावरही ती मान डोलावीत असेल, तर मुळीच चालवू नये.

अशी ताडणी कागदावर करण्याची साधने महाराष्ट्रात फार पूर्वी तयार झाली, आणि त्यांतले एक कुरुंदवाडच्या शेजारचेच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक बाळाजी प्रभाकर मोडक, ज्यांनी मराठीत रसायनशास्त्र लिहिले, त्यांनीच १७२८ पासून पुढची जंत्री रचली : एका ओळीत शक, सुहूर, फसली, हिजरी आणि इंग्रजी दिवस. त्याआधीच्या शंभर वर्षांसाठी गणेश सखाराम खरे यांची ‘शिवकालीन संपूर्ण शकावली’ पुढे आली. मुळातले गणित शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर १८९६ मध्ये मांडले होते. रसायनाच्या प्राध्यापकाने जंत्री करावी यात नवल नाही. प्रयोगशाळेत तराजू आधी तपासतात, मग पदार्थ तोलतात.

या जंत्र्या हाती असूनही चुका राहिल्या. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग विलक्षण वेगाने प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक तारखा पुढील अभ्यासकांनी दुरुस्त केल्या. ते शक्य झाले, कारण संपादकाने लावलेली तारीख आणि मूळ कागदातील तारीख वेगळी ओळखता येत होती. अनुमानाची तारीख कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह देण्याची जी रीत मराठी संपादनात रुजली, तिचे मोल येथे कळते. चाचण्यांच्या जगातही तिसऱ्या निकालाची गरज ओळखली गेली आहे. ऑटोमेक या साधनात चाचणीने ७७ हा अंक परत दिला तर ‘ही चाचणी येथे घेता आली नाही’ असा अर्थ होतो, ९९ दिला तर ‘चाचणीचीच मांडणी बिघडली’. अनुत्तीर्ण हा निकाल वेगळा. ओळखता न आलेले स्वरूप चुकीत मोजणे हा अन्याय आणि बरोबरमध्ये मोजणे ही फसवणूक. त्याला स्वतःचा खण हवा.

आज जुने कागद छायाप्रतींच्या रूपाने संगणकावर येत आहेत आणि त्यांच्या सूची करणारे हात तरुण आहेत. कुरुंदवाडचाच कागद घेतला तर एका स्क्रिप्टला किती स्वरूपे भेटतील पाहा. पेशवाईतला सुहूर सन आणि छ. १८१९ मध्ये पटवर्धनांचे कंपनीशी करार झाल्यानंतर वाढत गेलेली इंग्रजी तारीख. महसुलात फसली, धार्मिक कामात शक आणि तिथी. १८५४ मध्ये संस्थान थोरली पाती आणि धाकटी पाती असे विभागले गेले; म्हणजे त्यानंतर ‘कुरुंदवाड’ एवढेच लिहिलेला कागद कोणत्या दरबाराचा हेही विचारावे लागते. मार्च १९४८ मध्ये दोन्ही पात्या मुंबई प्रांतात विलीन झाल्या आणि दरबारी स्वरूपे संपली.

पण बदल संपला नाही. २२ मार्च १९५७ रोजी भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली : चैत्र १, शके १८७९. त्या वर्षीचा गुढीपाडवा, म्हणजे पारंपरिक शके १८७९ चा पहिला दिवस, अजून काही दिवस दूर होता. महिन्याचे नाव तेच, शकाचा आकडा तोच, दिवस मात्र निराळा. एक सौर, दुसरा चांद्र. ओळीत ‘शुद्ध’ किंवा ‘वद्य’ असेल तर तारीख पंचांगाची. दिवसाचा आकडा पंधराच्या पुढे गेला असेल तर राष्ट्रीय. आकडा एक ते पंधरात असेल आणि पक्ष लिहिलेला नसेल, तर स्क्रिप्टने ७७ परत द्यावा. राजपत्राच्या बाबतीत ती वेळ येत नाही, कारण तेथे राष्ट्रीय दिनांकाच्या शेजारी इंग्रजी तारीख छापलेली असते.